कॉलेजातला हिट गायक मुंबईत येतोय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, तिकिटापासून परतीच्या लोकलपर्यंत

एकॉन, शॉन पॉल, नेली, एन्रिके ही परदेशी गायक मंडळी ज्यांच्या कॉलेजच्या दिवसांत रिंगटोनमध्ये, सायबर कॅफेतून उतरवलेल्या एमपी-थ्रीमध्ये आणि गॅदरिंगच्या नाचात होती, ते सगळे आता पस्तिशी-चाळिशीला आले आहेत. हातात चार पैसे आहेत आणि ही गोष्ट आयोजकांनाही कळली आहे. मे २०२३ मध्ये बॅकस्ट्रीट बॉइज जिओ वर्ल्ड गार्डनमध्ये गाऊन गेले. ऑक्टोबर २०२५ संपता संपता एन्रिके इग्लेसियासने बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, एमएमआरडीए मैदानावर लागोपाठ दोन संध्याकाळी कार्यक्रम केले. पाठोपाठ नोव्हेंबरात एकॉन दिल्ली आणि बंगळुरू करत मुंबईत पोचला. पुढचं नाव कुणाचं असेल ते असो, तुमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘जायचं का?’ हा प्रश्न येणारच आहे.

नाट्यगृहातल्या खुर्चीत बसून, मध्यंतरात बटाटेवडा खाऊन गाणं ऐकायची सवय असलेल्यांसाठी हा लेख आहे. सवाईला वर्षानुवर्षं सतरंजीवर बसलेले लोकही मोकळ्या मैदानावरच्या पॉप-हिपहॉप कार्यक्रमात पहिल्यांदा गेले की गोंधळतात. उदाहरण म्हणून मी एकॉन घेतो, कारण त्याच्या गाण्यांची जडणघडण पाहिली की या प्रकारच्या कार्यक्रमांचं सगळं गणित उलगडतं. शहर मुंबईच घेतलंय, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेकांना असा कार्यक्रम पाहायला शेवटी तिथेच जावं लागतं.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. अशा कार्यक्रमात गाणं अर्धं ट्रॅकवर असतं, पाव हिस्सा गायकाचं आणि उरलेलं पब्लिकचं. हे पटलं तर पुढचे सगळे निर्णय, म्हणजे कुठलं तिकीट, कुठे उभं राहायचं, कुणाबरोबर जायचं, सोपे होतात. नाही पटलं तर पैसे वाचवा आणि घरी चांगल्या स्पीकरवर ऐका. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी १: येतोय म्हणजे नक्की काय करतोय?

पोस्टरवर नाव मोठं असतं, खालची ओळ बारीक असते. वाचायची ती बारीक ओळ. ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ म्हणजे त्याचा स्वतःचा कार्यक्रम, साधारण तास-सव्वा तासाचा. महोत्सवातला एक कलाकार म्हणून येत असेल तर वेळ आणखी कमी. ‘डीजे सेट’ लिहिलं असेल तर तो गाणार नाही, गाणी वाजवणार. आणि एखाद्या क्लबात ‘स्पेशल अपिअरन्स’ असेल तर दोन गाणी, हात हलवणं आणि टाटा. या चारही प्रकारांना जाहिरातीत तोच फोटो वापरतात.

दुसरं, गायकाच्या स्वतःच्या अधिकृत खात्यावर तुमच्या शहराचं नाव आणि तारीख दिसते का ते बघा. फक्त आयोजकाच्या पोस्टवर असेल तर थोडं थांबा. कार्यक्रमाची जागा जाहीर झाली नसेल तरीही थांबा. ‘मुंबई, जागा लवकरच कळवू’ असं लिहिलेलं तिकीट पुण्या-नाशिकहून येणाऱ्याने काढणं म्हणजे परतीचा प्रवास देवावर सोडणं.

तिसरं, आणि हे फार थोडे लोक करतात: त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शहरांत त्याने काय गायलं ते बघा. सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर रसिक मंडळी गाण्यांच्या याद्या टाकतात. यूट्यूबवर ताजे, प्रेक्षकांनी फोनवर काढलेले व्हिडिओ मिळतात. चकाचक संपादित केलेले बघू नका, हलणारे आणि किरकिरणारे बघा. मंचावर कोण आहे ते दिसतं. ड्रम, गिटार, कीबोर्डवाले आहेत, की मागे एक डीजे आणि बाजूला दुसरा माइक घेतलेला एक गडी? हिपहॉपमध्ये या गड्याला ‘हाइप मॅन’ म्हणतात. गायकाला श्वास घ्यायचा असतो तेव्हा ओळ पुरी करणं आणि लोकांना ओरडायला लावणं हे त्याचं काम. डीजे आणि हाइप मॅन असा थाट असेल तर तुम्हाला पूर्ण गाणी मिळणार नाहीत. एक कडवं, दोनदा धृपद, लगेच पुढचं गाणं. वीस वर्षांचं काम तासाभरात बसवायचं तर दुसरा उपायही नसतो.

पायरी २: आवाज कुणाचा, हे समजून घ्या

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण ‘तो गातच नव्हता’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती बरेचदा अर्धवट माहितीतून आलेली असते.

एकॉनचा जन्म अमेरिकेतल्या सेंट लुइसचा, १९७३ सालचा. लहानपणाचा बराच काळ सेनेगलमध्ये गेला. वडील मोर थियाम हे नावाजलेले तालवादक. पहिला अल्बम २००४ साली आला, दुसरा २००६ साली आणि तिसरा २००८ साली. आपल्याकडे त्याची जी गाणी गाजली ती बहुतेक याच चार-पाच वर्षांतली. आता त्यातलं ‘लोनली’ घ्या. त्यातलं ते चिरक्या, लहान मुलासारख्या आवाजातलं धृपद एकॉनने गायलेलंच नाही. बॉबी विंटन या गायकाचं १९६४ साली गाजलेलं गाणं वेग वाढवून तिथे बसवलंय. म्हणजे मूळ रेकॉर्डवरही तो आवाज दुसऱ्याचा आणि यंत्रातून काढलेला. मंचावर ते धृपद ट्रॅकवरूनच वाजणार आणि त्यावर पब्लिक गाणार. यात फसवणूक काही नाही, गाणं बांधलंच तसं आहे.

एकॉनच्याच ‘स्मॅक दॅट’मधला रॅपचा भाग एमिनेम या अमेरिकी रॅपरचा. तो काही नेरुळला येणार नाही. मग तो भाग एकतर ट्रॅकवर ऐकू येतो, नाहीतर सरळ गाळला जातो. डेव्हिड गेटाबरोबरच्या गाण्यात गेटा हा डीजे, त्यामुळे तिथे फक्त ठेका सुरू करावा लागतो. एकॉनची निम्मी प्रसिद्धी अशी दुसऱ्यांच्या गाण्यात धृपद गाण्यातून आली आहे. त्यामुळे त्याचा कार्यक्रम म्हणजे धृपदांची माळ होणं स्वाभाविक आहे. शिवाय त्या काळच्या पॉपमध्ये आवाजावर ऑटोट्यूनचा, म्हणजे यंत्राने सूर सरळ करण्याचा, मुलामा असायचाच. उघड्या मैदानात, धावपळ करत, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाकडून तोच गुळगुळीत आवाज कसा मिळेल?

आणि ‘छम्मक छल्लो’. २०११च्या ‘रा.वन’मधलं, विशाल-शेखर यांचं संगीत, एकॉनबरोबर हंसिका अय्यर. इंग्रजीत गाणाऱ्या या माणसाने हिंदी शब्द पाठ करून गायलेलं हे गाणं भारतात तो टाळूच शकत नाही. इथे मात्र पब्लिकचा हिस्सा पावावरून नव्वद टक्क्यांवर जातो. हंसिकाबाईंच्या ओळी ट्रॅकवर आल्या तरी ऐकू येणार नाहीत, कारण मैदानातल्या सगळ्या मैत्रिणी त्याच ओळी गात असतात.

यातून निघणारी तयारी अगदी सोपी. आठवडाभर आधी त्याची दहा-पंधरा गाणी पुन्हा ऐका. रॅपचे शब्द पाठ करत बसू नका, धृपदं जिभेवर आणा. एक सावधगिरी: आपण त्या काळी टीव्हीवर या गाण्यांची सोवळी आवृत्ती ऐकलेली असते. मंचावर ती नसते. दहा वर्षांच्या लेकीला ‘आईच्या कॉलेजातली गाणी’ ऐकवायला नेणार असाल तर मूळ शब्द आधी एकदा स्वतः ऐका आणि मग ठरवा. लहान मुलांना प्रवेश आहे की नाही हेही तिकिटाच्या पानावर बघा. प्रत्येक कार्यक्रमाची अट वेगळी असते.

पायरी ३: तिकीट

मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं बहुतांशी बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट या अॅपवर निघतात. विशिष्ट बँकेच्या कार्डवाल्यांना एक-दोन दिवस आधी खिडकी उघडते, मग सगळ्यांना. ‘अर्ली बर्ड’, ‘फेज वन’, ‘फेज टू’ असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात भाव चढतो. दाखवलेल्या किमतीवर शेवटच्या पानावर सेवाशुल्क आणि कर लागतात, म्हणून मित्रांना भाव सांगताना शेवटच्या पानावरचा आकडा सांगा. नाहीतर नंतर हिशेबात वाद होतात.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकिटांची दहशत अजून लोकांच्या मनात आहे. २२ सप्टेंबर २०२४ला विक्री उघडली, तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती आणि एक कोटीहून जास्त लोक ऑनलाइन रांगेत उभे राहिले. काळ्या बाजाराचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. पण सगळ्याच गायकांचं तसं नसतं. जुन्या आठवणींवर चालणाऱ्या कार्यक्रमांची तिकिटं सहसा मिनिटांत संपत नाहीत. पहिल्याच सेकंदाला तुटून पडायची गरज नाही, मात्र स्वस्त टप्पा हवा असेल तर पहिल्या दिवशी काढा. त्या दिवशी अॅपमध्ये आधीच लॉग-इन करून ठेवा. नवीन फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत रकमेची मर्यादा कमी असते. पाच जणांची तिकिटं एकाने काढायची तर कार्ड हाताशी असू द्या.

इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामवर ‘भाऊ, दोन पास आहेत, यायला जमत नाही’ म्हणणाऱ्याकडून स्क्रीनशॉट विकत घेऊ नका. क्यूआर कोड एकदाच चालतो, आणि तोच स्क्रीनशॉट त्याने आणखी किती जणांना विकलाय ते फाटकावर कळतं. काही कार्यक्रमांना क्यूआर नसून मनगटावरचा पट्टा घरपोच येतो. तो आला की पत्ता, नाव नीट तपासा आणि कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत हातात घालू नका. एकदा आवळला की कापल्याशिवाय निघत नाही, आणि कापलेला चालत नाही.

आता वर्ग कुठला घ्यायचा? मंचाला लागून ‘फॅन पिट’, त्यामागे ‘जनरल’, कडेला उंचावर ‘व्हीआयपी’ किंवा लाउंज, अशी साधारण मांडणी. नवखा माणूस परवडत असेल तर डोळे झाकून फॅन पिट घेतो. माझं मत वेगळं आहे. ध्वनियोजना सांभाळणारे लोक मैदानाच्या मधोमध, मंचासमोर काही अंतरावर एका तंबूत बसलेले असतात. सगळा आवाज ते तिथे बसून, त्या जागी ऐकून जुळवतात. म्हणून मैदानात सगळ्यात नीट आवाज त्या तंबूच्या आसपास मिळतो. अगदी मंचाखाली उभं राहिलात तर खालच्या स्पीकरचा धमाका छातीत बसतो आणि शब्द डोक्यावरून जातात. तंबू बरेचदा जनरल वर्गाच्या पुढच्या भागात येतो. त्याच्या कठड्याला पाठ लावून उभं राहता आलं तर मागून धक्का नाही, टेकायला आधार आहे आणि समोर मोठा पडदा. उंची कमी असलेल्यांनी तर मधल्या गर्दीत घुसूच नये. थोडं मागे, जिथे माणसांत फटी आहेत, तिथून मंच जास्त दिसतो.

फॅन पिट कुणी घ्यावं? ज्याला गायकाचा चेहरा पाहायचाच आहे, तीन-चार तास हलायचं नाही आणि मध्ये स्वच्छतागृहात जायचं नाही, त्याने. व्हीआयपी कुणी घ्यावं? गुडघे दुखणाऱ्यांनी. यात लाजण्यासारखं काही नाही. उलट खुर्ची आहे का, की फक्त उंच ओटा आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

पायरी ४: जागा आणि परतीचा प्रवास

मुंबईत अशा कार्यक्रमांच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. महालक्ष्मी रेसकोर्स, बीकेसीचं एमएमआरडीए मैदान, तिथलंच जिओ वर्ल्ड गार्डन, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. बंदिस्त हवं तर वरळीचा एनएससीआय डोम किंवा गोरेगावचं नेस्को.

या यादीतल्या उघड्या आणि बंदिस्त जागांत एक मोठा फरक आहे, तो घड्याळाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवांचे मोजके दिवस सोडले तर सूट नाही. पुण्यात ३० एप्रिल २०२३ला ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजल्याचं सांगत पोलिसांनी मंचावर येऊन थांबवला, ते आठवत असेल. म्हणजे उघड्या मैदानावर ‘नंतर सावकाश जाऊ, इंग्रजी कार्यक्रम उशिराच सुरू होतात’ हा हिशेब चालत नाही. तिकिटावर दुपारी ४ लिहिलं असेल तर ती फाटक उघडायची वेळ. मग स्थानिक डीजे, एखादा नवा रॅपर, आणि मुख्य गायक साधारण आठ ते साडेआठच्या दरम्यान. दहाला पडदा. सातपर्यंत आत असलात तर काही चुकत नाही, आणि फॅन पिटवाले नसाल तर त्याहून लवकर जाऊन उन्हात तापायची गरजही नाही.

दहाला संपतं ही परतीसाठी मात्र चांगली गोष्ट. लोकल असतात. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीकडे जाणारी शेवटची गाडी एकच्या आसपास असते. मध्य रेल्वेवर कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीहून बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सुटतात. वेळा बदलतात, म्हणून त्या दिवशी एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं अॅप उघडून बघा. अॅक्वा लाइन मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण झाली आहे, महालक्ष्मी आणि बीकेसी दोन्हीकडे स्टेशन आहे. जाताना फार सोयीची. परतताना तिच्यावर विसंबू नका, शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास असते आणि तुम्ही तेव्हा अजून फाटकाच्या गर्दीत असता.

जागेनुसार थोडक्यात. महालक्ष्मीला पश्चिम रेल्वेचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कल्याण-डोंबिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी. बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे रिक्षा नाही. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत, फक्त टॅक्सी. बीकेसीला रिक्षा आहेत, पण कार्यक्रम सुटल्यावर मीटरने येणारा मिळणं अवघड. तिथून वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनच्या दिशेने थोडं चालत गेलात तर शेअर रिक्षा लवकर सापडते. डी. वाय. पाटील हे नेरुळ आणि जुईनगर या दोन स्टेशनांच्या मध्ये, सायन-पनवेल महामार्गाला लागून. सगळा लोंढा नेरुळकडे वळला असेल तर तुम्ही जुईनगरकडे वळा. ठाण्या-डोंबिवलीकडच्यांना सीएसएमटीमार्गे उलटं फिरायची गरज नाही, ट्रान्स-हार्बर लोकलने थेट ठाणे गाठता येतं. पुणेकरांसाठी तर ही सगळ्यात सोयीची जागा. घाटाच्या वाटेवरच आहे. खासगी गाड्या रात्री उशिरापर्यंत वाशी-नेरुळहून माणसं घेतात, फक्त जागा आधी राखून ठेवा.

रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात तो, तपासा. तो बहुतेकदा सकाळपासून दुपारपर्यंत असतो, म्हणजे परतीला नाही तर जाताना अडचण. स्टेशनवर पोचल्या पोचल्या परतीचंही तिकीट काढून ठेवा. रात्री साडेदहाला चार हजार माणसं एका खिडकीवर आली की तिकिटाचं अॅपही गुदमरतं.

नाशिक, कोल्हापूर, साताऱ्याकडच्यांनी त्याच रात्री परतायचा हट्ट करू नये. मुंबईत मावशी-आत्या असतेच. नसली तर स्टेशनजवळची साधी खोली चालेल, पण आधी ठरवा.

पायरी ५: काय घालायचं, काय न्यायचं

बंद बूट. चपला, सँडल, टाचा यातलं काही नको. मैदान ओबडधोबड असतं आणि लोक पायावर नाचतात. नोव्हेंबरातही मुंबईत संध्याकाळी घाम येतो, तेव्हा जाकीट फोटोपुरतं छान दिसतं, मग रात्रभर कमरेला बांधून फिरावं लागतं. बीकेसीला धूळ फार. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क आणि पंप जवळ ठेवावा. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असली की फाटकावर वाद होत नाही.

न्यायच्या वस्तू कमीत कमी. पाण्याची बाटली, छत्री, लायटर, अत्तर, मोठी पिशवी, कॅमेरा हे बहुतेक ठिकाणी अडवतात. पॉवर बँकचं कधी चालतं, कधी नाही. यादी तिकिटाच्या पानावर असते. अडवलेली वस्तू ठेवायला जागा असेलच असं नाही, आणि फाटकाबाहेर कचऱ्याच्या ढिगात चांगल्या चांगल्या बाटल्या पडलेल्या दिसतात.

ओळखपत्र हवंच. महाराष्ट्रात बिअर २१व्या वर्षानंतर आणि कडक दारू २५व्या वर्षानंतर, त्यामुळे काउंटरवर वय विचारतात. चाळिशीच्या माणसाला कुणी वय विचारलं तर त्याने ते कौतुक समजावं.

फोन. हा खरा धोक्याचा विषय. एन्रिकेच्या मुंबईतल्या कार्यक्रमात ७३ फोन चोरीला गेल्याच्या बातम्या होत्या, किंमत लाखांत. सराईत टोळ्या तिकीट काढून आत येतात आणि सगळ्यांचे हात वर असतात त्या क्षणाची वाट बघतात. मागच्या खिशात फोन ठेवणं बंद. पुढचा खिसा, शक्यतो चेनचा, किंवा कमरेचा छोटा पाउच पोटावर ओढून. घरून निघण्याआधी फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, कागदावर लिहून घरी ठेवा आणि हरवलेला फोन शोधणारी ‘फाइंड माय’सारखी सोय चालू आहे का बघा.

इअरप्लग. इथे लोक हसतात, ‘ऐकायला जायचं आणि कान बंद करायचे?’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी सांगितलेली कमाल सरासरी पातळी १०० डेसिबल आहे, आणि मंचाजवळ त्याहून जास्त सहज होतं. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे पुरेसे. त्यांनी गाणं बंद होत नाही, फक्त एकूण आवाज कमी होतो. गंमत म्हणजे बोळे घातल्यावर गायकाचा आवाज कधीकधी जास्त स्पष्ट ऐकू येतो.

आतला व्यवहार बहुधा रोकडीशिवाय. कुठे मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरावे लागतात, कुठे यूपीआय चालतं. नेटवर्क सातनंतर मरतं, म्हणून खाणं-पाणी आणि पट्ट्यातले पैसे आधीच उरका. दर पाहून डोळे फिरतात, तेव्हा पोटभर जेवून जा. स्टेशनबाहेरचे दोन वडापाव त्या रात्री तुमचे पाचशे रुपये वाचवतात.

पायरी ६: आत गेल्यावर

पहिलं काम: बाहेर पडायचे रस्ते कुठे आहेत, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे बघून घ्या. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग मुख्य गायक यायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत सगळ्यात लांब असते, म्हणून आधीचा डीजे वाजवत असतानाच जाऊन या. दुसरं काम: ग्रुपसाठी एक खूण ठरवा. ‘फोन करतो’ चालत नाही, लागतच नाही. ‘अमुक रंगाच्या खाण्याच्या टपरीच्या डावीकडे, संपल्यावर’ असं ठरवा.

गर्दी दाटली आणि छातीवर दाब जाणवला तर मागे जायची धडपड करू नका, लाटेबरोबर तिरकं तिरकं कडेला सरका. हात छातीसमोर दुमडून ठेवा, श्वासाला जागा राहते. काही पडलं तर उचलायला वाकू नका. या वयाच्या पब्लिकमध्ये अशी वेळ क्वचित येते, लोक एकमेकांना ‘सॉरी हां’ म्हणत नाचतात, पण माहीत असावं. गायक कठड्याजवळ आला की हात पुढे करणं ठीक. बंगळुरूच्या कार्यक्रमात पुढच्या लोकांनी एकॉनची पँट ओढल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तेवढं नको.

चित्रीकरण करायचंय तर एकच गाणं निवडा आणि ते पूर्ण करा. मागच्याच्या डोळ्यासमोर तासभर फोन धरून काढलेल्या व्हिडिओत शेवटी तुमचाच बेसूर आवाज सगळ्यात मोठा येतो.

सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटी ठेवतात. एकॉनसारख्याकडे अशी चार-पाच असल्यामुळे शेवटची वीस मिनिटं सलग ओळखीची येतात. मध्ये एखादं नवीन गाणं येईल, कुणाला माहीत नसेल, मैदान थंड पडेल. पाणी प्यायला जायची वेळ ती. गाडीच्या धास्तीने पावणेदहाला निघू नका, ज्यासाठी आलात तेच राहून जाईल.

पायरी ७: सुटल्यावर

लगेच फाटकाकडे पळू नका. वीस-पंचवीस मिनिटं आतच कडेला थांबा, लोंढा ओसरू द्या. शेवटच्या लोकलला अजून वेळ आहे. अॅपवरच्या टॅक्सीचे भाव त्या अर्ध्या तासात दुप्पट-तिप्पट दिसतात. मुख्य रस्त्यापर्यंत दहा मिनिटं चालत जाऊन मग गाडी बोलवली तर भावही उतरतो आणि चालकाला तुम्ही सापडताही. महालक्ष्मीला असाल आणि भूक लागली असेल तर हाजी अलीपर्यंत चाला, ज्यूसवाला उशिरापर्यंत उघडा असतो.

मनगटाच्या पट्ट्यात पैसे उरले असतील तर ते परत मिळायची मुदत असते, काही दिवसांचीच. दुसऱ्याच दिवशी अर्ज करा, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला गेला असेल तर परताव्याचा इमेल शोधा आणि जपून ठेवा. सेवाशुल्क परत मिळतंच असं नाही.

घसा बसला असेल तर मिठाच्या गुळण्या आणि दिवसभर कमी बोलणं. कानात शिट्टी वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी हेडफोन लावू नका. बहुतेकदा ती दिवसभरात थांबते. दोन दिवसांनंतरही वाजत राहिली तर घरगुती तेल वगैरे न घालता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.